नॉयरकडून पुढच्या सिनेमाने नेमकं काय घेतलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तुम्ही तालुक्याच्या गावात घडणारी एक गुन्ह्याची गोष्ट लिहिताय. बँकेसाठी कर्जवसुली करणारा एक माणूस बेपत्ता झालेल्या थकबाकीदाराला शोधत फिरतो आणि शोधता शोधता जमिनीच्या एका मोठ्या व्यवहारात अडकतो. ज्यांना ज्यांना पटकथा वाचायला दिली त्यांनी ‘हे नॉयर आहे’ (म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या काळोख्या अमेरिकन गुन्हेपटांसारखं) असं सांगितलं आणि पुढे सल्ला दिला तो असा: रात्री शूट करा, पाऊस पाडा, भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या टाका. जुन्या अमेरिकन गुन्हेकथांचा आणि नॉयर चित्रपटांचा पुढच्या सिनेमावर एवढा प्रभाव आहे म्हणतात तो एवढाच का, आणि नसेल तर तो नेमका कुठे शोधायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं पटकथा लिहिते आहे. त्यातली बरीचशी गुन्ह्याच्या गोष्टींचीच. माझ्या मते तुमची अडचण प्रकाशाची नाही. गोष्ट कोणाच्या खांद्यावर बसून सांगायची हे अजून ठरलेलं नाही, ही तुमची अडचण आहे. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या दहा पानांत ती दिसते. तिसऱ्या सीनला तुम्ही वसुलीवाल्याला सोडून थेट सरपंचाच्या बैठकीत जाता. त्याबद्दल शेवटी बोलू.

एक गोष्ट आधीच मान्य करते. ‘नॉयरचा प्रभाव’ म्हणजे काय, हे कोणत्या चित्रपटाबद्दल बोलतोय त्यावर अवलंबून आहे. कोणी त्यातून प्रकाश उचलला, कोणी शेवट, कोणी बोलण्याची ढब. तुमच्या बाबतीत पैसे किती आहेत, कॅमेरामन कोण आहे, किती दिवसांत शूट उरकायचंय, यावरही उत्तर बदलेल. त्यामुळे मी नियम सांगत नाही. मला माझ्या कामात काय उपयोगी पडलं आणि का, एवढंच सांगते.

सुरुवात कागदापासून करायला हवी, कारण पडद्याच्या आधी हे सगळं स्वस्त कागदावर छापलं गेलं. १९२० साली अमेरिकेत ‘ब्लॅक मास्क’ नावाचं मासिक निघालं. त्यात लिहिणाऱ्यांपैकी डॅशिएल हॅमेट हा पूर्वी पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेत नोकरी केलेला माणूस. पाळत ठेवणं, दारं ठोठावणं, माणसांचं खोटं ऐकून घेणं, हे त्याने पगारावर केलं होतं. त्याआधीच्या इंग्रजी हेरकथेत खून म्हणजे एक कोडं असायचं. हुशार माणूस बाहेरून यायचा, कोडं सोडवायचा आणि घर पुन्हा पहिल्यासारखं नीटनेटकं व्हायचं. हॅमेटच्या गोष्टीत नीटनेटकं घर मुळात नसतंच. ‘रेड हार्वेस्ट’मधलं (१९२९) सबंध गाव सडलेलं आहे. त्याची साफसफाई करायला आलेला हेर टोळ्यांना एकमेकांवर सोडतो, प्रेतं पडत जातात आणि एका टप्प्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटायला लागते. रक्ताची चटक आपल्यालाही लागली, हे त्याच्या ध्यानात येतं. अशा गोष्टींना ‘हार्ड-बॉइल्ड’ म्हणतात, हा शब्द कडक उकडलेल्या अंड्यावरून आलाय. पण या गोष्टींचा कडकपणा मारामारीत नाही. तपास करणारा माणूस गुन्ह्याच्या बाहेर उभा राहू शकत नाही, हे निमूटपणे मान्य करण्यात तो आहे.

हॅमेटचं दुसरं देणं तांत्रिक आहे आणि लिहिणाऱ्यांनी ते फार बारकाईने पाहावं. ‘द माल्टीज फाल्कन’ (१९३०) ही कादंबरी तिचा नायक, खासगी हेर सॅम स्पेड, याच्या मनात एकदाही शिरत नाही. तो काय करतो, काय बोलतो, चेहऱ्यावर काय दिसतं, एवढंच. मध्यरात्री फोन वाजतो आणि भागीदार मारला गेल्याचं त्याला कळतं, ते पान वाचा. अंधारात घंटी, पलंगाची करकर, पलीकडच्या माणसाला दिलेली तुटक उत्तरं. मग दिवा लागतो, घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झालेली दिसतात. त्यानंतर स्पेड सिगारेट वळतो. कागदावर तंबाखू कशी पसरली, बोटांनी ती कशी दाबली, कडेला जीभ कशी लावली, हे हॅमेट इतकं सावकाश सांगतो की त्या माणसाच्या आत काय चाललंय ते न सांगता कळतं. जॉन ह्यूस्टनने १९४१ मध्ये चित्रपट केला तेव्हा फोन वाजल्यावर कॅमेरा त्याने खोलीतल्या वस्तूंवरच ठेवला. बोलणारा माणूस दिसत नाही, फक्त आवाज येतो. ही कादंबरी त्याआधी दोनदा पडद्यावर आली होती. मला वाटतं, ह्यूस्टनची आवृत्ती टिकली ती त्याने त्या पानांवर विश्वास ठेवला म्हणून. पात्राच्या भावना संवादात घालण्याचा मोह झाला की मी अजूनही ते सिगारेटचं पान काढून वाचते.

रेमंड चँडलर याच्या उलट. तेल कंपनीतली मोठी नोकरी १९३२ साली गेली, त्यानंतर चाळिशी ओलांडलेला हा माणूस लिहायला बसला. ‘द बिग स्लीप’ (१९३९) त्यातला हेर फिलिप मार्लो स्वतः सांगतो, त्यामुळे प्रत्येक खोलीचा वास, प्रत्येक बाईचा आवाज, लॉस एंजेलिसचं ऊन, सगळं त्याच्या थकलेल्या, तल्लख जिभेतून येतं. कथानक चँडलरला फारसं महत्त्वाचं नव्हतं. हॉवर्ड हॉक्सच्या चित्रपटाच्या वेळी, ड्रायव्हरला नक्की कोणी मारलं अशी त्याच्याकडे चौकशी झाली, तेव्हा ते आपल्यालाही ठाऊक नाही असं त्याने कळवलं होतं. तरी १९४६चा तो चित्रपट आजही पाहावासा वाटतो. नवख्या लेखकाने यातून ‘कथानक ढिसाळ असलं तरी चालतं’ असा अर्थ काढू नये. मार्लोचा सहवास इतका भरघोस आहे म्हणून ते खपून जातं. तेवढा सहवास आपल्या पात्राला देता येत नसेल, तर ड्रायव्हरचा खुनी ठरवून ठेवलेला बरा.

आणि तिसरा जेम्स एम. केन. माझ्या मते सिनेमावर सर्वांत खोल परिणाम याचा झाला, आणि आपल्याकडे त्याचं नाव सर्वांत कमी घेतलं जातं. केनकडे बहुधा हेर नसतोच. गुन्हेगारच गोष्ट सांगतो. ‘डबल इंडेम्निटी’मध्ये विमा विकणारा एक साधा माणूस एका बाईच्या नादाने तिच्या नवऱ्याचा खून करतो. बिली वाइल्डर आणि चँडलर यांनी मिळून १९४४च्या चित्रपटाची पटकथा लिहिली. केनच्या गोष्टीत नायक लेखी जबानी देतो. यांनी त्याला, म्हणजे नेफला, रात्री रिकाम्या ऑफिसात आणून डिक्टाफोनसमोर (आवाज नोंदवणाऱ्या यंत्रासमोर) बसवला. खांद्यात गोळी आहे, कोटावर रक्ताचा डाग पसरतोय आणि तो कंपनीतल्या आपल्या सहकाऱ्याला, कीझला, सगळं सांगतोय. खून कोणी केला हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. पैसा मिळाला नाही आणि बाईही मिळाली नाही, हेसुद्धा तो तेव्हाच सांगून टाकतो.

इथे जरा थांबते, कारण तुम्ही तुमच्या पटकथेत व्हॉइस ओव्हर, म्हणजे दृश्यावर ऐकू येणारा पात्राचा निवेदनाचा आवाज, घातलाय. नेफ बोलतोय तो कोणाशी तरी बोलतोय. कीझवर त्याचं प्रेम आहे, आणि त्याच माणसाला त्याने फसवलंय. सबंध चित्रपटभर कीझच्या खिशात काडेपेटी नसते आणि नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याची सिगार पेटवत राहतो. शेवटी दारात पडलेल्या नेफच्या ओठांतली सिगारेट कीझ पेटवतो. वाइल्डरने नेफला गॅस चेंबरमध्ये मृत्युदंड होतो असा सीन खर्च करून चित्रित केला होता, तो त्याने पुढे कापला. बरोबरच केलं. बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर आले, काडी पेटली, त्यानंतर दाखवायला काही उरत नाही. तुमचा वसुलीवाला कोणाला सांगतोय? ‘प्रेक्षकाला’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. बायकोला सांगत असेल तर तो काही गोष्टी लपवेल. बँकेच्या मॅनेजरला सांगत असेल तर वेगळ्या लपवेल. व्हॉइस ओव्हरमध्ये जीव त्या लपवण्यातून येतो.

आता सावल्यांबद्दल, कारण सगळे तिथेच अडतात. त्या बऱ्याचशा कादंबऱ्यांतून आल्या नाहीत. बर्लिन आणि व्हिएन्नामधून हिटलरमुळे निघून आलेले वाइल्डर, फ्रिट्झ लँग, रॉबर्ट सिओडमाक यांसारखे लोक त्या प्रकाशाची सवय सोबत घेऊन आले. त्यात युद्धकाळातली काटकसर आणि दुय्यम दर्जाच्या चित्रपटांचे तुटपुंजे बजेट यांची भर पडली. सेटचा जो भाग बांधलेलाच नाही तो काळोखात ठेवला की प्रश्न मिटतो. जॉन आल्टनसारख्या कॅमेरामनने थोडक्या दिव्यांत जे केलं ते मात्र नुसत्या काटकसरीतून येत नाही, त्याला नजर लागते. ‘डबल इंडेम्निटी’त जॉन साइट्झने बैठकीच्या खोलीत ॲल्युमिनियमची बारीक पूड उडवली, म्हणजे पडद्यांच्या पट्ट्यांतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगताना दिसावी. आणि हे ऊन आहे, भर दुपारचं. त्या घरात बरेच दिवस कोणी मायेने हात फिरवलेला नाही, हे ती धूळ सांगते. पट्ट्या टाकायच्याच असतील तर आधी आपल्या घरातली धूळ कोणती, हे ठरवा.

आणखी एका गोष्टीने हे चित्रपट घडवले, ती म्हणजे सेन्सॉरशिप. हॉलिवूडची आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे लागू झाली. गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे, असा दंडक. केनच्या ‘द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस’चे हक्क एमजीएम स्टुडिओने १९३४ सालीच घेतले होते, पण चित्रपट १९४६ मध्ये आला. (मधल्या काळात लुकिनो व्हिस्कोंतीने इटलीत त्याच कादंबरीवरून ‘ओसेसिओने’ करून टाकला, १९४३ साली, आणि इटालियन नववास्तववादाची सुरुवात तिथून धरणारे अभ्यासक आहेत. एका अमेरिकन गुन्हेकथेची फांदी कुठे जाऊन फुटली बघा.) आता लेखकाच्या जागी बसून विचार करा. शेवट ठरलेला आहे, माणूस सुटणार नाही, हे प्रेक्षकालाही ठाऊक आहे. मग शेवटच आधी सांगून टाकला तर? फ्लॅशबॅक आणि पराभूत माणसाचा आवाज मिळून जो अटळपणा येतो, तो बराचसा या कोंडीतून मार्ग काढताना सापडला. १९६८ मध्ये आचारसंहिता जाऊन तिच्या जागी वर्गवारी आली. मग १९८१ साली लॉरेन्स कॅस्डनने ‘बॉडी हीट’मध्ये तोच साचा घेतला: वकील, विवाहित बाई, नवऱ्याचा खून. यावेळी बाई पैशांसह निसटते आणि पुरुष तुरुंगात बसून हिशेब जुळवत राहतो. एक दंडक गेला आणि गोष्टीचा अर्थच फिरला.

‘नॉयर’ हे नाव तर हे चित्रपट करणाऱ्यांना माहीतही नव्हतं. युद्धाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येत नव्हते. १९४६ मध्ये ते एकदम पॅरिसला पोचले आणि नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांतल्या काहींना ‘फिल्म नॉयर’ म्हटलं. त्याच्या आदल्याच वर्षी तिथे अमेरिकन ढंगाच्या गुन्हेकथांच्या अनुवादांची ‘सेरी नॉयर’ ही पुस्तकमाला निघाली होती, म्हणजे शब्द हवेत होताच. नाव मिळाल्यावर पुढच्या पिढीला ते मुद्दाम वापरता आलं. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या ‘ब्रेथलेस’मधला (१९६०) भुरटा तरुण ह्यूस्टनच्या चित्रपटात स्पेड झालेल्या बोगार्टच्या पोस्टरसमोर उभा राहून ओठांवरून अंगठा फिरवतो. पॉल श्रेडरने १९७२ साली नॉयरवर गाजलेला लेख लिहिला, आणि चार वर्षांनी त्याने लिहिलेला ‘टॅक्सी ड्रायव्हर’ आला. रात्रीच्या शहरात फिरणारा एकटा माणूस, आणि त्याची डायरी वाचणारा त्याचाच आवाज. त्यात हेर नाही, कोडं नाही, केस नाही. उरलाय तो केनचा कबुलीजबाब, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा पेच.

पण प्रभाव कसा काम करतो ते सर्वांत स्वच्छ दिसतं ते ‘चायनाटाउन’मध्ये (१९७४). माझ्या कार्यशाळेत एक सबंध दिवस या चित्रपटाला जातो. रॉबर्ट टाउनची पटकथा, रोमन पोलान्स्कीचं दिग्दर्शन, काळ १९३७, विषय लॉस एंजेलिसचं पाणी. चित्रपट रंगीत आहे आणि बराचसा लख्ख उन्हात घडतो. व्हॉइस ओव्हर नाही. म्हणजे ज्या खुणांवरून लोक नॉयर ओळखतात त्या जवळजवळ सगळ्या काढून टाकल्यात. ठेवलंय काय? त्यातला हेर जेक गिट्स नसलेला एकही सीन नाही. कॅमेरा पुष्कळदा त्याच्या खांद्यामागे असतो. संत्र्याच्या बागेत त्याला मारून बेशुद्ध केलं जातं तेव्हा पडदा काळा होतो, आणि तो डोळे उघडतो तेव्हाच आपल्याला पुन्हा दिसायला लागतं. चँडलरचा ‘मी’ हा शब्दांतून काढून कॅमेऱ्याच्या जागेत घातलाय. गिट्सला जे चुकीचं वाटतं ते आपल्यालाही चुकीचंच वाटतं. गोष्टीतल्या बाईवर, एव्हलिनवर, आपण संशय घेतो, कारण तीस वर्षांच्या नॉयर चित्रपटांनी आपल्याला अशा बाईवर संशय घ्यायला शिकवलंय. ती काय सोसून आलीय हे कळतं तेव्हा आपला संशय आपल्यालाच खायला उठतो. शेवटी गिट्स तिला वाचवायला जे जे करतो त्यानेच तिचा घात होतो. आणि तिच्या बापाच्या भूमिकेत कोण? जॉन ह्यूस्टन. ज्याने ‘माल्टीज फाल्कन’ केला तोच माणूस.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी मी ठाण्यातल्या एका घरदलालाची गोष्ट लिहिली होती. त्याचा भाडेकरू नाहीसा होतो आणि तो त्याला शोधतो. निर्मात्यांचं म्हणणं पडलं की खलनायकाचा डाव प्रेक्षकाला आधी कळायला हवा, नाहीतर लोक गोंधळतील. मी वाद घातला नाही, फार्महाउसवरचा एक सीन लिहून दिला. तीन माणसं बसून सगळा बेत उलगडून सांगतात. पुढे एक सीन होता, त्यात दलाल त्याच खलनायकाच्या घरी जातो आणि तो माणूस त्याला चहा देतो. संकलनाच्या टेबलावर तो चहाचा सीन मरून पडला होता. आम्हाला सगळं माहीत होतं, दलालाला काहीच नव्हतं, आणि त्याला कधी कळतंय याची आम्ही कंटाळून वाट बघत होतो. संकलक बाईंनी मला न विचारता फार्महाउसचा सीन काढून तो भाग परत लावला. तेच फुटेज, तोच चहा. आता मात्र त्या म्हाताऱ्याने दलालाच्या कपात न विचारता साखरेचे दोन चमचे घातले, आणि आमचे डोळे त्या चमच्यावर खिळले. त्याला याची दोन चमचे साखर कशी ठाऊक? हे तर आधीच्या सीनमध्ये फक्त भाडेकरूच्या तोंडी आलं होतं. ते फुटेज पहिल्यापासून तिथे होतं. माझ्याच सीनने ते झाकलं होतं.

बाकी वारसा किती दूर गेलाय तेही थोडक्यात सांगते. हॅमेटच्या ‘द ग्लास की’चा १९४२चा चित्रपट आपल्या ‘योजिम्बो’मागे (१९६१) असल्याचं जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा सांगत. नायकाला बेदम मारून कोंडलं जातं आणि तो फरफटत निसटतो, तो भाग शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन टोळ्यांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या परक्या माणसाची ती रचना ‘रेड हार्वेस्ट’ची आठवण देतेच. ‘योजिम्बो’वरून सर्जिओ लिओनेने परवानगी न घेता ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) केला, ‘योजिम्बो’ काढणाऱ्या तोहो कंपनीने दावा लावला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. खाणकामगारांच्या अमेरिकन गावातली गोष्ट जपानी सामुराईकडून इटालियन काउबॉयकडे गेली. यात ना कोट, ना टोपी, ना पट्ट्यांच्या सावल्या. कोएन बंधूंनी पहिल्या चित्रपटाचं नाव ‘ब्लड सिंपल’ ठेवलं, तो शब्द ‘रेड हार्वेस्ट’मधला. ‘ब्लेड रनर’मध्ये (१९८२) भविष्यातलं लॉस एंजेलिस आहे आणि थकलेला पाठलागवाला तोच. त्यातला व्हॉइस ओव्हर मात्र १९९२च्या आवृत्तीत काढून टाकला आणि चित्रपट सुधारला, असं माझं मत. तो आवाज कोणाशीच बोलत नव्हता. ली ब्रॅकेट या लेखिकेबद्दल मला फार आदर आहे. १९४६च्या ‘बिग स्लीप’च्या पटकथाकारांत ती होती, आणि १९७३ मध्ये रॉबर्ट ऑल्टमनसाठी चँडलरची ‘द लाँग गुडबाय’ तिनेच लिहिली. त्या दुसऱ्या चित्रपटात मार्लो आपल्या मित्रावर गोळी झाडतो, जे कादंबरीत नाही. सत्तावीस वर्षांत जग बदललं तर मार्लोने काय करावं, हे तिने पुन्हा विचारून ठरवलं. प्रभाव घेणं म्हणजे मला हे वाटतं.

आता आपल्याकडे. मुंबईत हा प्रवाह फार लवकर पोचला. गुरुदत्तचा ‘बाजी’ (१९५१), मग ‘आर पार’, राज खोसलांचा ‘सी.आय.डी.’ (१९५६). जुगाराचा क्लब, अंधारात चेहरा लपवून बसलेला मालक, संपादकाचा खून, आणि कोठडीतल्या मृत्यूचा आळ आल्यामुळे स्वतःच पळत सुटलेला इन्स्पेक्टर. प्रकाश आला, शहर आलं, गाणी तर अशी आली की हॉलिवूडला हेवा वाटावा. एक गोष्ट मात्र वाटेत गळली. ‘बाजी’चा मदन क्लबात शिरतो तो आजारी बहिणीच्या औषधपाण्यासाठी. नेफला अशी सबब नाही. त्याला पैसा हवा होता, बाई हवी होती आणि आपण कंपनीला फसवू शकतो हे बघायचं होतं. आपल्या सिनेमाने नायक आणि पाप यांच्यामध्ये बराच काळ आई किंवा बहीण उभी केली. मराठी रहस्यकथेतही थोडं असंच झालं. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांनी कित्येक घरांत वाचनाची गोडी लावली, पण त्यांचा नायक झुंजार कायद्याबाहेर असला तरी मनाने निर्मळ. सुहास शिरवळकरांच्या फिरोज इराणी, दारा बुलंदपर्यंत येताना भाषा कडक झाली, वेग आला. तरी नायकाला स्वतःचीच भीती वाटावी, असं क्वचितच घडलं.

ते घडलं एका वेगळ्याच वाटेने. ‘बाजी’च्या सेटवर व्ही. के. मूर्ती कॅमेरा सहायक होते, पुढे ‘जाल’पासून ते गुरुदत्तचे छायाचित्रकार झाले. या मूर्तींच्या हाताखाली गोविंद निहलानी शिकले. आणि निहलानींनी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ केला, श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून, विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर. तो नॉयरची नक्कल मुळीच नाही, त्याची मुळं मुंबईच्या पोलीस ठाण्यात आणि त्यातल्या इन्स्पेक्टर वेलणकरच्या बापाच्या घरात आहेत. पण सडलेल्या व्यवस्थेतला, तिच्याशी भांडता भांडता स्वतःच्या हातांची दहशत वाटू लागलेला माणूस तिथे पहिल्यांदा पुरता उभा राहिला. बहिणीच्या औषधाची सबब न देता. अलीकडे श्रीराम राघवन यांनी केनचा धागा हातात घेतला. ‘जॉनी गद्दार’ (२००७) त्यांनी विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केलाय. पुण्यात घडणारा ‘अंधाधुन’ (२०१८) तर तुमच्यासाठी पाठ्यपुस्तक आहे. आंधळं असल्याचं सोंग घेतलेला पियानोवादक, समोर प्रेत दिसतंय, आणि वाजवणं थांबवता येत नाही. त्याला दिसतं ते आपल्याला दिसतं, पण त्याने काहीच दाखवायचं नाही. हॅमेटचा सिगारेट वळणारा स्पेड प्रभात रोडवर आलाय असं मला वाटलं होतं. आणि शेवटाकडचा भाग तो स्वतः सांगतो, एका ठराविक व्यक्तीला, त्यातलं किती खरं हे आपणच ठरवायचं.

तर तुमच्या पटकथेकडे येते. रात्र, पाऊस, पट्ट्या यांची घाई नको. ऊसतोडीच्या दिवसांतलं दुपारचं ऊन आणि धुराडं तुमच्याकडे आहे, ते मला अधिक भीतिदायक वाटतं. वसुलीवाल्याला दर केसमागे किती मिळतात ते पहिल्या पाच पानांत आलं पाहिजे. ‘बिग स्लीप’मध्ये मार्लो आपला दर सांगून टाकतो, दिवसाला पंचवीस डॉलर आणि वरखर्च. त्या आकड्यामुळे पुढे तो फुकट जे करतो त्याला वजन येतं. तुमच्या माणसाला कमिशन किती, पेट्रोल कोणाच्या खिशातून, आणि कोणत्या रकमेला तो पहिल्यांदा हात आखडता घेतो? आणि त्याने या आधी कोणाच्या दारातून ट्रॅक्टर ओढून नेलाय का? नेला असेल तर तो या गुन्ह्याच्या बाहेर नाही, आणि तुमच्या गोष्टीला तेच हवंय.

आता तो तिसरा सीन. सरपंचाची बैठक काढून टाका. त्याऐवजी वसुलीवाला त्याच घराच्या ओट्यावर वाट बघत बसलाय असं लिहून बघा. आत माणसं आहेत, चपला मोजता येतात, बोलणं निम्मं ऐकू येतं आणि निम्मं गिरणीच्या आवाजात बुडतं. त्या चपलांत एक जोड त्याच्या ओळखीचा असू दे. तो कोणाचा हे त्याला ठाऊक आहे, पण तो कोणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. चाळिसाव्या पानापर्यंत तरी थांबा. तेवढा एक सीन लिहिलात की पाठवा, मी वाचेन.